देवाकडे गेलेली भूक

पोटाचं ऑपरेशन झाल्यावर मी देवावर इतका चिडलो की त्याची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली. वीस वर्षं एकही संकष्टी चुकवली नव्हती. चंद्र ढगाआड दडला तर नेरूळच्या गच्चीवरून त्यालाच दम भरणारा माणूस मी! पोटात दुखायला लागलं तेव्हा उपासाचं पित्त समजून देवासाठी आणखी दोन वार धरले. निघाला कॅन्सर.

"टेन्शननं होतं हो!" तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सोसायटीचा हाच पाढा. तो ऐकूनच टेन्शन आलं. सर्जनना विचारलं, तर म्हणाले, "टेन्शन नसांतून पोटापर्यंत पोचतं, गाठ वाढण्यात त्याचा हात असेलही, पक्कं ठाऊक नाही. पण पोटाबरोबर त्याची नसही कापावी लागली. आता भुकेचा निरोप यायचा नाही. घड्याळ लावून खा. वजन भरलं नाही, तर पुढचे उपचार झेपणार नाहीत."

खाणार कसं? घास तोंडात मातीसारखा फिरे. वजन असं उतरलं की पंखा लावल्यावर बायको माझा पाय धरून बसे.

तशात संकष्टी आली.

"अहो, आज तरी नका ना धरू उपास."

"भूकच नाही तर उपास कसला? देवाशी भांडण आहे, पण नेम मोडणार नाही!"

दहीभाताची वाटी माझ्यासमोर आपटून ती दूर्वा आणायला गेली.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक म्हातारी, डोक्यावर मासळीची पाटी. म्हणाली, शेजारच्या शिरवण्याहून आलेय. "चतुर्थीला मासळी?" मी खेकसलो आणि नस, भूक, वीस वर्षांचे उपास, सगळं तिच्यावरच ओतलं.

तिनं पाटी खाली ठेवली. वाटीकडे पाहिलं.

"तुजी भूक देवानं नेली ना? मंग ती त्याच्याजवल हाय. तू नाय खाल्लंस तर उपाशी कोन ऱ्हातो रं, बाला?"

मी वाटी उचलली. रडत रडत पाच घास खाल्ले. मान वर केली तोवर ती जिना उतरून गेली होती. पुढे बायकोनं शिरवण्याच्या बाजारात खूप चौकशी केली, पण अशी म्हातारी कुणालाच ठाऊक नव्हती. मी तिखटमीठ लावून सांगतो हे सगळी सोसायटी जाणते. हे मात्र जसं घडलं तसं.

उपचार झेपले. तसबीर सरळ केली. आजही दर दोन तासांनी गजर होतो, मी वैतागून "आलो रे बाबा!" ओरडतो आणि पहिला घास त्याला दाखवून खातो. भूक अजून त्याच्याकडेच आहे. मी परत मागितलेली नाही.