शूमानची हाक

शूमान सहा वर्षांची असताना तिला घरातून उचलून नेली, ती तिच्या गुडघ्यांमुळे. क्रीडाशाळेचा एक माणूस बालवाडीत आला, पोरांना ओळीत पाय पसरून बसवलं आणि एकेकीचे गुडघे दाबून पाहिले. शूमानचे गुडघे जमिनीला असे टेकले की खालून कागदही सरकला नसता. तिची आई धावत आली. कालवं भाजायची जाळी सोडून आली होती, हाताला लसणाचा वास.

"अहो, पण हिला पोहता कुठं येतंय?"

"पोहणं महिन्याभरात येतं, काकू. असे गुडघे शिकवून येत नाहीत," तो माणूस म्हणाला.

झालं! आई-बाप हरखले. समुद्रकाठी कालवांची गाडी लावणाऱ्या ल्याओ कुटुंबातली पोर सरकारी वसतिगृहात राहणार, म्हणजे गल्लीत केवढा मान! रविवारी ती दोघं भेटायला यायची, डब्यात पेज आणायची आणि पोर जेवत असताना तिच्याकडे बघत बसायची. पहिल्या वर्षी बोलायला पुष्कळ होतं. पुढं पुढं शूमान 'पाण्यात सूर सरळ गेला नाही' म्हणायची आणि आई विचारायची, "मग आता काय करतात?" आईला कळणार तरी काय बिचारीला. काही वर्षांनी तिघंही नुसती हसायची आणि डबा संपला की उठायची.

शूमानचं घर म्हणाल तर ते रुईलान होती. ऊस पिकवणाऱ्या गावाकडची, दात पुढं आलेली, सदा खिदळणारी. दोघींना एका खोलीत टाकलं, कारण दोघींची उंची सारखी होती. दहा मीटरच्या कट्ट्यावरून जोडीनं सूर मारायचा तर अंगकाठी सारखी लागते. आणि सूर शिकवणाऱ्या फू मास्तरांचा नियमच होता, की जोडी एका खोलीत झोपणार, एका टेबलावर जेवणार, आंघोळीलाही एकदमच जाणार. "नवरा-बायकोचं जमलं नाही तरी संसार चालतो," मास्तर म्हणायचे. "तुमचं जमलं नाही तर पाणी उडतं."

फू मास्तर जिभेचे तिखट. "सूर मारलास की म्हैस सोडलीस पाण्यात?" हे तर रोजचंच. पण तीस वर्षं ओरडून त्यांचा घसा पार गेला होता, आणि या धंद्यात घशावाचून चालत नाही. त्याचं असं आहे, की साडेतीन कोलांट्या घेताना माणसाला वर-खाली काही कळत नाही. छतही निळं, पाणीही निळं. नवा सूर शिकताना खालून कुणीतरी नेमक्या क्षणी "हेइ!" अशी हाक द्यावी लागते. हाक आली की गुंडाळलेलं अंग उघडायचं, विचार करायचा नाही. विचार केला तर पाठ फुटलीच म्हणून समजा.

मास्तरांची हाक वरपर्यंत पोचेना, म्हणून त्यांनी ते काम शूमानवर टाकलं. रुईलानचा सूर ती स्वतःच्या सुराइतका ओळखत होती. जोडीनं उडी घेताना "एक, दोन, तीन" ही मोजणीसुद्धा तीच करायची. रुईलानचं प्रत्येक नवं वळण शूमानच्या हाकेवर घडलं.

"आ-मान, वर गेल्यावर मला भीती वाटतच नाही बघ," रुईलान शूमानला लाडानं म्हणायची. "मी डोळे मिटून घेते. तू आहेसच खाली."

"डोळे मिटतेस? मास्तरांना सांगू का?"

"सांग की! मग तुझ्या गादीखालचे लीचीचे वाळके तुकडे मीही दाखवते त्यांना."

दोघी प्रांताच्या संघात गेल्या. मास्तरही त्यांच्याबरोबर ग्वांगझोऊला आले. दोघी पदकं आणायला लागल्या. आणि सोळाव्या वर्षी शूमानची उंची वाढायला लागली. ताडमाड म्हणतात ना, तशी. तिनं भात सोडला, रात्री नुसतं कोबीचं पाणी प्यायली, पाय दुमडून झोपली. वेडी कुठली! हाडं कधी ऐकतात का? वजन कमी झालं, उंची मात्र वाढतच राहिली. मास्तरांनी तिला भिंतीला उभी केली, रुईलानशेजारी, आणि दोघींच्या डोक्यांशी खडूनं रेघ ओढली. दोन रेघांमधलं अंतर बघून शूमान समजली.

"तू आता उसळत्या फळीवर जा," ते म्हणाले. "लांब पायांना तीन मीटरची फळी बरी."

रुईलानला मिआओ नावाची नवी जोडीदारीण मिळाली. खोलीही मिआओला मिळाली, नियमाप्रमाणे. शूमान गादी उचलून जिन्याशेजारच्या खोलीत गेली. फळीवर ती वाईट नव्हती हो. पण कट्टा मुकाट असतो आणि फळी आपल्याशी भांडते. एकटीनं तिच्याशी जुळवून घ्यायचं. संध्याकाळी जेवणघरात जोडीच्या टेबलावर जागा नसायची. ती खिडकीपाशी बसायची आणि रुईलानचं हसणं कुठून येतंय ते न बघताही तिला कळायचं.

मग ते घडलं. अशी चूक फक्त या दोघींकडूनच होऊ शकते. फळीवरची एक मुलगी नवा सूर शिकत होती. "शूमान, तुझा घसा चांगला आहे, जरा हाक दे गं," ती म्हणाली. शूमाननं दिली. त्याच घटकेला पलीकडे रुईलान दहा मीटरवरून निघाली होती, कोलांट्यांच्या मधोमध. हाक दुसरीसाठी होती, पण रुईलानचं अंग उघडलं. ती सपाट पाठीवर आपटली. सगळ्या तलावावर फटाका फुटल्यासारखा आवाज झाला.

तिला बाहेर काढली तेव्हा ती रक्त खोकत होती. इस्पितळात रुईलाननं शूमानचा हात धरला.

"तुझा दोष नाही गं. पण तुझा आवाज कानात शिरला की मी उघडतेच. मी काय करू, सांग!"

शूमान खाली मान घालून रडली. मनापासून रडली. पण त्या रडण्याच्या तळाशी एक आनंद होता, आणि त्याची तिला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. मिआओ आली, खोली गेली, टेबल गेलं. तरी हिच्या अंगात अजून मीच आहे, असं तिला वाटलं.

त्यानंतर मास्तरांनी दोघींना एका वेळी तलावावर येऊ दिलं नाही. दुपारी जेवून सगळा संघ झोपायचा, तेव्हा शूमान एकटी फळीवर जायची. झाडूवाल्या मावशी तेवढ्या असायच्या, त्याही भिंतीला टेकून घोरत. चांगला सूर झाला तरी "वा" म्हणायला कुणी नसे. ती वर यायची, अंग टिपायची, पुन्हा शिडी चढायची. दोन वर्षं तिनं असं काढलं. माणूस कशाकशाची सवय लावून घेतो.

राष्ट्रीय स्पर्धा आली. फळीवर शूमानची निवड होण्याजोगी होती, कट्ट्यावर रुईलान-मिआओची ठरलेलीच. पण तिथं सगळ्यांचा सराव एकाच तलावावर. शूमानला कोंडून किंवा तोंड बांधून तर ठेवता येणार नाही. मास्तरांनी तिला बोलावलं आणि आडपडदा ठेवला नाही.

"आज बघू. पाच मीटरवरून, तळातून हवेचे बुडबुडे सोडून, म्हणजे रुईलान पडली तरी लागायचं नाही. तू मुद्दाम वेळेआधी हाक द्यायची. ती उघडली, तर तू घरी राहायचं. ती जोडी मी मोडू शकत नाही, पोरी."

"आणि नाही उघडली तर?"

"तर बॅग भर."

सहाव्या वर्षापासून ती ज्या स्पर्धेसाठी उड्या मारत होती, ती हीच. स्पर्धा यायची चार वर्षांनी, आणि पुढच्या खेपेपर्यंत तिचे झिजलेले गुडघे टिकणार नव्हते, हे तिला आणि डॉक्टरांना दोघांनाही ठाऊक होतं. हळू ओरडली असती तर कुणाला कळलं नसतं. तिच्या मनात आलं होतं तसं. पण कट्ट्याच्या टोकाशी रुईलानचे ओळखीचे पाय दिसले. दोन वर्षांत तिनं ते पाय असे पाहिले नव्हते. 'उघड गं,' असं तिच्या मनात आलं. खरंच आलं. स्पर्धा गेली खड्ड्यात, घरी बसेन, कालवं भाजेन, पण एकदा माझं ऐक.

रुईलान निघाली. शूमाननं छाती भरून, होतं नव्हतं ते सगळं घालून हाक दिली.

"हेइ!"

मावशींच्या हातातला झाडू पडला. रुईलान फिरत राहिली, गच्च गुंडाळलेली, आणखी एक पूर्ण वळण. मग आपल्या वेळेला उघडली आणि सुईसारखी पाण्यात शिरली. बुडबुड्यांतही पाणी उडालेलं दिसलं नाही.

मिआओ टाळ्या पिटत नाचायला लागली. मास्तरांनी बसक्या घशानं हसून शूमानच्या पाठीवर थाप मारली. "भर बॅग! आणि जाडे मोजे घे, तिकडं थंडी आहे."

रुईलान काठाशी आली, नाकातलं पाणी फुंकत, दात काढून हसत.

"आ-मान! ऐकलं मी, पण काहीच झालं नाही! कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय, एवढंच वाटलं. सुटलो गं बाई दोघी! आता तू कितीही ओरड!"

"ओरडेन की," शूमान म्हणाली. "बरं झालं."

तिनं खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंड पुसलं, खूप वेळ पुसलं. ती त्या दिवशी अजून पाण्यात उतरलीच नव्हती.