शिस्तीचा सदरा

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला आजही आधी थोरल्या दिरांचा राग येतो. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमागं पत्र्याच्या खोलीत मी शिवणकाम करायचे. पंधरा ऑगस्ट तोंडावर आलेला, चाळीतल्या पोरांचे आन् थोरल्या दिरांचा एक, असे पांढरे सदरे मी बेतून ठेवलेले. एका सदऱ्याचे सगळे तुकडे एकत्र गुंडाळून चिंधीनं बांधायचे, ही माझी रीत. एक दिवस शिरूरला माहेरी जाऊन आले, तर खोली लख्ख! दीर रेल्वेच्या स्टोअरात कामाला. तिथं नटांत नट, बोल्टांत बोल्ट. त्यांनी माझ्या सगळ्या गुंडाळ्या सोडून बाह्यांवर बाह्या आन् कॉलरींवर कॉलरी रचल्या होत्या. सगळं एकाच ताग्यातलं, पांढरंशुभ्र! वर म्हणतात, "बघ, कशी शिस्त लावली. बायकांना नुसता पसारा लागतो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरांना ओळीनं उभं करून, एकेकाच्या दंडाला बाही लावून बघत मी सदरे जुळवले, शिवले. झेंड्याच्या आदल्या दिवशी दीर दारात आले. "माझा सदरा कुठं हाय?" मी उरलेल्या तुकड्यांच्या ढिगाकडं बोट दाखवलं. "तुकडे शिस्तीत हायेत, भाऊजी. आता शिस्तीलाच शिवायला सांगा." ते जुनाच सदरा घालून झेंड्याला गेले. परवा सून मायेनं म्हणाली, "आत्या, तुमची शिवणाची खोली आवरून देऊ का?" मी उठले, शिवणाच्या खोलीत गेले आन् आतून कडी घातली.