माझा मतदानाचा तास

आधी चहा संपवून घ्या. मधेच हसलात तर ठसका लागेल आणि बोल मला लागेल! आज तुम्ही मला कौन्सिलवाले मास्तर म्हणता, पण पहिल्या निवडणुकीत मी असा आपटलो की काय सांगू! आणि आपटवलं कोणी, हे शोधायला मला आठवडा लागला.

मी तेव्हा रत्नागिरीत हेडमास्तर. राजापूरकडच्या नाटे गावात शाळा नव्हती. मुंबईच्या कौन्सिलात, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळात, जाऊन ती मंजूर करून आणायची, या एकाच वेडापायी मी उभा राहिलो. समोर दाजी वकील.

लिहितावाचता न येणाऱ्या मतदाराने अधिकाऱ्याला नाव सांगायचं आणि त्याने कागदावर खूण करायची, अशी तेव्हा रीत. म्हटलं, लोक ऐन वेळी गडबडतील, तालीम हवी! नाटे गावच्या बंदरावर तास घेतला. अधिकारी अर्थात मीच.

"मत कोणाला?"

होडीचा म्होरक्या पांडू तांडेल ताठ उभा राहिला. "तुमाला, मास्तर!"

आता स्वतःचंच नाव लोकांकडून घोकून घ्यायचं? लाज नको का माणसाला? "माझं राहू दे," मी म्हटलं. "समजा, दाजी वकील. म्हणा!"

"समजा, दाजी वकील!"

"आवाज येत नाही!"

"समजा, दाजी वकील!!" होड्यांवरचे कावळे उडाले.

पाढ्यासारखं वीसदा म्हणून घेतलं. असे सात गावांत सात तास घेतले हो!

निकाल लागला. पडलो. कुठे किती मतं पडली ते विचारून काढलं, तर कोडंच! जिथे पाऊल ठेवलं नव्हतं तिथे माझ्या मतांचा ढीग, आणि जिथे घसा फोडला तिथे शुकशुकाट. वकिलाने जेवणावळी घातल्या? की माझा पायगुणच वाईट? राहवेना. तडक नाटे गाठलं.

पांडू धावत आला. "जितलाव ना, मास्तर?"

"अरे, मत दिलंस कोणाला?"

"दाजी वकील! येक अक्षर चुकलाव नाय."

"पण मी 'समजा' म्हटलं होतं!"

"ता पन बोललाव की! सायब हसला, पन खूण केलान."

मी पडल्याचं सांगितलं तसा तो मटकन खालीच बसला. "म्हंजे पोरांची शाळा आमीच बुडवलाव?"

फार वाईट वाटलं मला. "तुम्ही नाही रे," मी म्हटलं, "मास्तरने बुडवली."

तीन वर्षांनी पुन्हा उभा राहिलो. नाट्याला पोहोचलो तो घसा पार बसलेला.

"ह्या खेपेला कोनाचा नाव?" पांडूने सगळ्यांदेखत विचारलं.

शब्द फुटेना. मी नुसता छातीवर हात ठेवला.

निवडून आलो! नाट्याला शाळाही झाली. इतकी वर्षं शिकवलं, पण सगळ्या वर्गाला एका दमात समजला असा माझा तास तो एकच. आणि त्यात मी अवाक्षरही बोललो नव्हतो!