मार्फत शाखाधिकारी

नाथाजी हवालदारांना पेन्शन लागून बरीच वर्षं झाली होती, पण गावात कुणाच्या शेळीनं पीक खाल्लं तरी ते आधी त्या घरातल्या थोरल्या माणसाला भेटत, मग सरपंचाला. मधल्याला वगळून वरच्याला गाठणं त्यांच्या लेखी गुन्हाच. असल्या सरळ माणसाचा या जगात निभाव कसा लागावा?

लेक संयोगिता हिच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी त्यांनी बायको चंद्राबाईंची बोरमाळ गावातल्या पतसंस्थेत तारण ठेवली होती. कर्ज फिटलं, तसा दाखलाही मिळाला, माळ तेवढी मिळेना. शाखाधिकारी जयराज म्हणायचा, दागिने सांगलीच्या मुख्य कचेरीत आहेत, येतील. आणि एका सकाळी पेपरात थकीत तारणांच्या लिलावाची जाहिरात आली. त्यात हवालदारांचा कर्ज नंबर होता! लिलावाला पंधरवडा उरला होता. ती माळ चंद्राबाईंच्या आईच्या गळ्यातली. आईची दुसरी कुठलीच वस्तू त्यांच्याकडे उरली नव्हती.

हवालदारांनी ताबडतोब अर्ज लिहिला. वर रिझर्व्ह बँकेचा पत्ता आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत 'मार्फत: शाखाधिकारी'. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याच हातात! जयराजनं तो हसत हसत घेतला.

"पाठवतो की वर, काका. निवांत ऱ्हावा."

हवालदार खरोखरच निवांत राहिले. आठवड्यानं चौकशीला गेले, तर अर्ज टेबलावरच होता आणि त्यावर जयराजचा चहाचा कप. हवालदार तसेच मागे फिरले. बाहेर येऊन पायरीवर मटकन बसले.

मग धावपळ सुरू झाली. रिझर्व्ह बँकेच्या मदत क्रमांकावर उत्तर मिळालं, ही बँक नाही, पतसंस्था आहे. दोघं नवराबायको तालुक्याला, वडूजला, सहकार खात्याच्या कचेरीत गेली. तिथल्या अपेक्षा नावाच्या कारकून मुलीनं कागद पाहिले.

"काका, संस्थेच्या बोर्डावर मल्टिस्टेट लिहिलंय का?"

"व्हय, लिवलंय की."

"मग ती आमच्या अखत्यारीत येत नाही. एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या संस्थांचा निबंधक दिल्लीत असतो. सभासदांच्या तक्रारींसाठी तिथं सहकार लोकपाल आहे. शेजारच्या सेवा केंद्रातून ऑनलाइन तक्रार करा, आजच करा."

केंद्रातल्या माणसानं सगळी माहिती भरली, दाखला जोडला. आता फक्त पाठवायचं बाकी होतं. हवालदार पडद्यावर वरपासून खालपर्यंत काहीतरी शोधत होते.

"ह्यात मार्फतचा रकानाच न्हाई गं. जयराजला निदान फोन करून सांगू का? परस्पर दिल्लीला म्हंजे..."

चंद्राबाईंनी इतके दिवस नवऱ्याचं ऐकलं होतं. आता मात्र त्यांचा बांध फुटला.

"आवं, माज्या आईची माळ हाय ती! मोडून खाल्ली मंजी मग कुणाच्या मार्फत रडू? दाबा म्हनावं त्याला बटन!"

बटण दाबलं गेलं. मग फोनची वाट पाहणं सुरू झालं. हवालदार फोन उशाशी ठेवून झोपत, आणि कुठं जरा खुट्ट झालं तरी उठून बसत.

लिलावाच्या आदल्या दिवशी जयराजचा फोन आला. आवाज पार बदललेला.

"काका, दिल्लीला कशाला लिवलंत? लोकपालांनी सांगलीला खुलासा मागितलाय. नजरचुकीनं नंबर गेला हुता. या, माळ घेऊन जा."

शाखेत गर्दी होती. आपापले दागिने मागायला आलेल्या बायका भिंतीकडेला बसल्या होत्या. जयराजनं सीलबंद पाकीट टेबलावर ठेवलं आणि तक्रार मागे घेतल्याचा कागद पुढे सरकवला.

"आधी सही करा, मग फोडा."

साहेबानं सही म्हटल्यावर हवालदारांचा हात आपोआप पेनाकडे गेला. चंद्राबाईंनी तो मनगटाला धरून थांबवला, पाकीट उचललं आणि टराटरा फाडलं. माळ तीच होती. तुटलेल्या ठिकाणी आईनं स्वतः बांधलेली लाल दोऱ्याची गाठ तिथंच होती. त्या गाठीवर बोट ठेवून त्या तिथंच, सगळ्यांसमोर रडल्या. मग माळ गळ्यात घातली.

"आता करा सही."

हवालदारांनी सही केली. तेवढ्यात भिंतीकडेच्या रंगुबाईनं दबक्या आवाजात विचारलं, "भाऊ, कुटं केला हुता अर्ज?"

जयराज हवालदारांकडे बघत होता. हवालदारांनी त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. परेडवरच्या खणखणीत आवाजात ते म्हणाले, "सहकार लोकपाल, दिल्ली! कुनाला इचारू नका. सरळ लिवा!"