पायानं म्हटलेली ओळ

तव्यावरची भाकरी फुगायला आली आणि नेमकी दाराची कडी वाजली.

"शिवांजली, बघ गं, कोण आलंय सकाळी सकाळी," द्वारकाबाई म्हणाल्या. सुनेनं दार उघडलं. रणधीर सर होते. तुळजापूरच्या कॉलेजातले, काव्यनाट्य बसवणारे.

तामलवाडीच्या द्वारकाबाई चाळीस वर्षं देवीची गाणी म्हणणाऱ्या आराध्यांच्या मेळ्यात गायल्या, नाचल्या. म्हणून तर सरांनी नाटकातल्या म्हातारीचं काम त्यांना दिलं होतं. लेकानं घराबाहेर काढलेली म्हातारी. परवा धाराशिवला स्पर्धा.

"मावशी, रागावू नका," सर मोबाईल काढत म्हणाले. "तालमीत तुमचा आवाज टेप केलाय, तोच लावू. नाचायला अस्मिता आहे, नाच शिकलेली पोर. तुम्ही समोर खुर्चीत बसून बघा. गुडघ्यांना त्रास नको."

"माझ्या गुडघ्यांनी अर्ज दिला हुता का तुमच्याकडं?"

शिवांजलीनं पदर तोंडाला लावला. सरांनी टेप सुरू केली.

उंबरा तुमचा, वाट माझी,
वाटेला कुलूप घालंल कोण?

"मधलं कुठं गेलं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"मधे नुसतंच रिकामं होतं, मावशी. कापलं."

"रिकामं?"

परात सारून त्या उठल्या. हाताला पीठ तसंच. 'उंबरा तुमचा' म्हणाल्या आणि थांबल्या. उजवी टाच फरशीवर आपटली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा अशी, की मांडणीतले डबे वाजले. गिरकी घेतली, मगच ओठांतून निघालं, 'वाट माझी'.

"तिथं म्हातारी पायानं बोलती, सर. लेकाच्या पाया पडायचं का चालू लागायचं, ते तिथंच ठरवती. आन् तुमी तेवढंच कापून आलात व्हय?"

भाकरी करपल्याचा वास सुटला, तरी कुणी हललं नाही.

"पण मावशी, परीक्षक..."

"गळा माझा आन् पाय दुसरीचे, असलं सोंग मी करायची न्हाय. अस्मिता गुणाची हाय, तिला सुनेचं काम द्या. म्हातारी मीच. पटत नसंल तर माझा आवाज पुसा त्यातनं. आत्ता, माझ्या म्होरं."

सरांनी मोबाईल उचलून टेप पुसली.

"टेप नकोच, मावशी. म्हातारी तुम्हीच. परवा सकाळी गाडी पाठवतो. आणखी काही लागेल?"

"एकच. स्टेजवर गालिचा टाकू नका. फळ्या उघड्या राहू द्या."