इर्माच्या पिशवीतला चेंडू

इर्मा ह्लावाती आमच्या स्टँडमध्ये माझ्या डाव्या हाताला बसते. माझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं त्याचं कारण डॉक्टरला अजून सापडलेलं नाही. मला केव्हाच सापडलंय. बाई ओरडायला लागली की एरी सरोवरावरचे बगळे उडतात.

मी ऑटो ब्लास्को. कुलपं-किल्ल्यांचा धंदा करतो, आणि उरलेला सगळा जन्म हॅमर्सच्या नावानं शंख करण्यात घालवतो. हॅमर्स म्हणजे आमचा बेसबॉलचा संघ. कारखाने बंद पडले, ट्राम गेली, सरोवरातले मासेसुद्धा निम्मे झाले, पण हॅमर्स आहेत. ते जिंकत नाहीत ही गोष्ट वेगळी.

इर्माचं लग्नसुद्धा हॅमर्सच्या वेळापत्रकानं ठरलं. पाद्र्यानं दोन तारखा दिल्या, त्यातल्या एकीला घरच्या मैदानावर सामना होता, मग दुसरी. नवरा एमिल फरश्या बसवायचा. शाळेच्या कँटीनमध्ये ही शंभर पोरांवर खेकसायची आणि घरी येऊन एमिलवर. तो बिचारा मान डोलवायचा. त्याची चाल अशी, की दुसऱ्याचे बूट चुकून घालून आलाय असं वाटावं. आयुष्यात दोघांना हवी होती एकच गोष्ट, होमरनचा एक चेंडू. मैदान ओलांडून आपल्या बाकांत आलेला, आपल्या हातानं झेललेला. एकदा अगदी डोक्यावर आला होता. एमिलनं बिअर सांडू नये म्हणून ग्लास सांभाळला आणि चेंडू मागच्या रांगेतल्या बाईनं नेला. त्यावरून इर्मानं त्याला मरेपर्यंत ऐकवलं. अहो, मेल्यावरसुद्धा ऐकवते. कबरीवर फुलं ठेवते आणि म्हणते, "बिअर प्यायची होती ना, पी आता."

तर आमच्या स्टँडचा एक कायदा आहे. आपल्या संघाचा होमरन आला तर चेंडू घरी न्यायचा. पाहुण्या संघाचा आला तर तिथल्या तिथे मैदानात परत भिरकावायचा. पाहुण्यांची घाण घरात ठेवायची नाही. नाही फेकला तर अख्खा स्टँड उभा राहून "फेक! फेक!" करत जीव नकोसा करतो. पण माणूस तो माणूसच. कायदा आला की पळवाट आलीच. प्रत्येकाच्या पिशवीत एक जुनापुराणा चेंडू असतो. पाहुण्यांचा होमरन हातात आला की खरा गुपचूप पिशवीत, खोटा मैदानात. सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही.

इर्माच्या पिशवीतला चेंडू एमिलनं दिलेला. त्यांचा ब्रूनो नावाचा डॅक्सहुंड कुत्रा होता, त्यानं चावून चावून त्याची शिवण उसवलेली, एका बाजूला दातांची रांगच्या रांग. एमिल म्हणाला होता, "खरा आला की हा फेक." खरा कधी आलाच नाही. आधी ब्रूनो गेला, मग तीन हिवाळ्यांपूर्वी एमिलही गेला. चेंडू पिशवीतच राहिला, सँडविच आणि छत्रीच्या मधोमध.

आता त्या सौद्याकडे येतो. गेल्या हिवाळ्यात मालकांच्या डोक्यात कसली हवा शिरली देव जाणे. आमचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ड्युएन प्रिबिला त्यांनी ओमाहाच्या संघाला देऊन टाकला. आमच्या गल्लीतलं पोर! त्याचा बाप माझ्या बापाबरोबर भट्टीवर होता. आणि बदल्यात घेतलं काय? योर्विन सालास नावाचा व्हेनेझुएलाचा एक कॅचर. नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगं. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे, दुसरं काय!

एप्रिलमध्ये तो खेळायला लागला आणि आम्ही डोक्याला हात लावला. बॅट अशी फिरवायचा जशी काही माशा हाकलतोय. बॅटीमागे उकिडवा बसला की पिचरनं टाकलेले चेंडू त्याच्या पायांतून मागे, आणि हा त्यांच्यामागे. मी ओरडायचो, "अरे, कुणीतरी सांगा त्याला, चेंडू पांढरा असतो!" लोक हसायचे. आणि एकटी टाळ्या वाजवणारी इर्मा माझ्या बरगडीत कोपर मारायची.

"गप रे ऑट्या! नवीन पोर आहे. जेवला तरी असेल का धड?"

"लाखो डॉलर घेतो तो. तुझ्या-माझ्यापेक्षा बरं जेवतो."

"त्याची चाल बघ ना जरा."

बघितली. चालत होता. मला काय दिसणार त्यात?

"एमिलसारखी आहे," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या बुटातली."

घ्या! बेसबॉलचा एवढा अभ्यास करून बाईनं हा निष्कर्ष काढला होता. नवऱ्यासारखा चालतो, म्हणून चांगला कॅचर. मी कपाळावर हात मारून घेतला.

दर रविवारी सामना सुरू व्हायच्या आधी आमच्या बाकांवर न्यायालय भरतं. एका हातात तपकिरी मोहरी लावलेलं सॉसेज, एका हातात बिअर, आणि न्यायाधीश मार्विन टाकाच. हा निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, आता मतं वाटतो. मे महिन्यात त्याचा निकाल होता, "हा या शतकातला सगळ्यात भिकार सौदा. मॅनेजरला सरोवरात बुडवा." जूनमध्ये ओमाहात प्रिबिलाचं कोपर गेलं, शस्त्रक्रिया झाली, वर्षभर घरी. लगेच मार्विननं घसा खाकरला.

"मी आधीच म्हणत होतो. सौदा चांगला आहे."

"तू मॅनेजरला बुडवायला निघाला होतास."

"दोन्ही म्हणत होतो मी."

इर्मा खुशीत होती, पण तिला मालकांच्या अकलेचा अंदाज नव्हता. पोरगं जरा सावरतंय, आठवड्यातून एखादा फटका बसतोय, तोच जुलैत त्यांनी त्याला लुईव्हिलला देऊन टाकलं. बदल्यात दोन पिचर, ज्यांची नावं त्यांच्या आयांनाही आठवत नसतील. न्यायालयात हलकल्लोळ झाला. ज्यांनी त्याला शिव्या दिल्या होत्या तेच छाती पिटायला लागले. मीही पिटली थोडी, खोटं कशाला बोलू? इर्मानं मात्र छाती पिटली नाही. सॉसेजसुद्धा अर्धंच खाल्लं.

"एकानं तरी त्याला निरोप दिला का रे?" ती म्हणाली.

कुणी दिला नव्हता. चेंडू खेळणाऱ्यांना कोण निरोप देतं?

सप्टेंबरात लुईव्हिलवाले आमच्याकडे आले. आमचा बाजार तोवर उठलाच होता, उरलेल्या सामन्यांना काही अर्थ नव्हता, पण स्टँड भरलेला. पोरगं तिकडे बरं खेळत होतं. होमरन मात्र मोठ्या लीगमध्ये अजून एकही नव्हता. तो बॅट घेऊन आला, तशी आमच्या बाकांवरून हूऽऽ सुरू झाली. आणि त्यात इर्मा उभी राहून एकटी टाळ्या वाजवतेय. मी तिच्या कोटाची बाही ओढली.

"अगं बस! पाहुण्यांचा आहे तो."

"तुमचा असताना तरी कुठे वाजवल्यात?" ती म्हणाली.

तेवढ्यात खाडकन आवाज झाला. बेसबॉल ज्यानं जन्मभर ऐकलाय त्याला तो आवाज कळतो, बघावं लागत नाही. चेंडू वर गेला, दिव्यांच्या पलीकडे गेला, आणि खाली यायला लागला तो थेट आमच्याकडे. मी हात वर केले. मार्विननं केले. इर्मानं केलेच नाहीत, तिनं नुसता कोटाचा पुढचा भाग ताणून धरला, अंगणात वाळवण गोळा करतात तसा. आणि चेंडू त्यात येऊन बसला.

काय सांगू! बाई आधी खाली बघते, मग माझ्याकडे बघते, मग पुन्हा खाली. तोंड उघडं. आणि भोवती गर्जना सुरू झाली, "फेक! फेक! फेक!"

"पिशवी!" मी तिच्या कानात ओरडलो. "खरा पिशवीत, खोटा बाहेर!"

तिनं हात घातला. छत्री खाली पडली, सँडविच पडलं, चेंडू हाताला लागला. तिनं तो कँटीनमध्ये ट्रे आपटायची त्या जोरानं भिरकावला. स्टँड वेडा झाला. लोकांनी तिची पाठ थोपटली, मार्विननं तिला स्वतःची बिअर दिली, आणि मार्विन बिअर देतो म्हणजे काय ते आमच्याकडे सगळ्यांना कळतं.

खाली आमच्या खेळाडूनं तो चेंडू उचलला. पोराचा पहिला होमरन होता, म्हणून त्यानं तो लुईव्हिलवाल्यांच्या बाकाकडे टाकला. तिथे पोराच्या हातात कुणीतरी दिला. त्यानं तो उलटसुलट केला. मग मान वर करून आमच्या बाजूला बघितलं आणि हसला.

"बघ कसा दात काढतोय," मी म्हणालो.

इर्मा ऐकतच नव्हती. ओटीत खरा चेंडू घेऊन बसली होती. शेवटच्या डावात तिला काय आठवलं कोण जाणे, तिनं पिशवीत हात घातला, चाचपलं, आणि चेहरा एकदम पांढरा.

"ऑट्या, मी एमिलचा चेंडू फेकला रे."

"मग? त्यासाठीच तर ठेवला होतास ना!"

"ठेवला होता," ती म्हणाली. "फेकायला कुठे ठेवला होता?"

मी माझी टोपी काढली, परत घातली. माझ्या गुडघ्यांना जिन्यांचा वैताग येतो, तरी सामना संपल्यावर मी तिच्या मागे गेलो, कारण ही बाई एकटी काय करेल याचा नेम नाही. पाहुण्यांची बस मागच्या दरवाज्याशी लागते. तिथला पहारेकरी म्हणाला, इथे थांबायचं नाही. इर्मा म्हणाली, "तू कुठल्या शाळेत होतास रे?" त्यानं नाव सांगितलं. तिचीच शाळा. तो बाजूला झाला.

पोरं ओल्या केसांनी एकेक करून बाहेर आली. योर्विन दिसला तशी ही गरजली, "ए पोरा!" त्यानं तिच्याकडे बघितलं, थांबला, आणि जाकिटाच्या खिशातून चावका चेंडू काढला.

"मावशी," तो मोडक्या बोलीत म्हणाला, "हा कुणी खाल्ला?"

"आमच्या ब्रूनोनं. कुत्रा होता."

"असं होय! मला वाटलं, इथल्या लोकांनीच चावला. माझ्यावरच्या रागानं."

मी हसलो. हसू दाबता येईना. पोरगंही हसलं. कॅचर आहे तो, दिवसभर चेंडूच हाताळतो, हा आपला नव्हे हे त्याला हातात घेताक्षणी कळलं होतं. पण तक्रार केली नाही. वरून कोणी फेकला तेही त्यानं बघितलं होतं.

"टाळ्या तुम्हीच वाजवल्यात ना?" तो म्हणाला. "एप्रिलमध्येसुद्धा. मला वाटायचं, बाईंना बेसबॉल कळत नाही."

"मलाही तेच वाटतं," मी म्हणालो. कोपर बसलं.

इर्मानं पिशवीतून खरा चेंडू काढला. जन्मभर वाट बघितलेला, नवाकोरा, बॅटीचा डाग असलेला. हात पुढे केला. पोरानं चेंडूला हात लावला, पण तिची बोटं सुटेनात. तो ओढत नव्हता. नुसता उभा होता, हात तसाच ठेवून. बसवाला भोंगा वाजवत होता.

"तुझ्या आईला दे," ती म्हणाली, आणि सोडला.

मग त्यानं तिच्या हातात ब्रूनोचा चेंडू ठेवला. खिशातून पेन काढून सही करायला लागला, तर तिनं चेंडू झटकन मागे घेतला.

"नको रे बाबा. त्यावर काही लिहू नकोस."

तो बसकडे गेला. दुसऱ्याच्या बुटात चालल्यासारखा. खरंच की! इतके महिने मला कसं दिसलं नाही?

रविवारी न्यायालय भरलं. मार्विननं सगळं ऐकून घेतलं आणि सॉसेज खाली ठेवलं.

"म्हणजे तू होमरनचा चेंडू दिलास आणि कुत्र्यानं चावलेला घेतलास? इर्मे, या शहराच्या इतिहासात याहून भिकार सौदा झालेला नाही. प्रिबिलाचा सौदासुद्धा यापुढे सोनं."

"बरं," इर्मा म्हणाली, आणि लोणच्यातली काकडी खायला लागली. तिच्यासारखी बाई एवढ्यावर थांबते हे बघून मलाच काळजी वाटली.

त्याच दिवशी तिसऱ्या डावात पाहुण्यांचा होमरन आला तो नेमका मार्विनच्या मांडीत. आयुष्यातला त्याचाही पहिलाच. स्टँड उठला, "फेक! फेक!" मार्विननं पिशवी उलटी केली. चष्मा पडला, गोळ्यांची डबी पडली, चेंडू नाही. बायकोनं पिशवी धुवायला काढली होती. मी माझा खोटा चेंडू गेल्याच महिन्यात नातवाला दिलेला.

"इर्मे!" तो रडकुंडीला आला. "तुझा दे! लवकर! तुझ्याकडे खोटा चेंडू आहे ना!"

इर्मानं पिशवी मांडीवर घेतली, तिची चेन लावली आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"नाही रे मार्विन," ती म्हणाली. "माझ्याकडे खोटा चेंडू नाही."