थांबलेल्या पाण्याचा आवाज

माफी मागूनच सुरुवात करतो. पुरवणीत अशा आठवणी मोठ्या माणसांच्या येतात, आणि लिहिणारेही जाणते असतात. माझे सोपानमामा कळसचे, इंदापूर-बारामतीकडे घरोघरी नळाची कामं करणारे. मी बारामतीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही, खरंच ठाऊक नाही. पण मामा जाऊन सात आठवडे झाले, आणि एका घरात चार लोकांसमोर मी त्यांच्या कामाला नाव ठेवलं होतं, ते मनातून जात नाही. माझा राग आला होता का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. ते राहून गेलं…

मामांचं लहानपण मेंढरांमागं गेलं. पुढे आजोबांनी कळप विकून शेती धरली आणि मामा इंदापुरात एका मिस्त्रीच्या हाताखाली पाइप कापायला शिकले. शाळा सातवीपर्यंत. पण त्यांचा तळहात विलक्षण होता. पाइपावर तो हात ठेवून ते डोळे मिटायचे, आणि मग बराच वेळ ते तिथं नसायचेच. सुट्टीत मी कळसला गेलो की ते मलाही तसं करायला लावायचे. विहिरीवरून टाकीकडे जाणाऱ्या पाइपावर मी हात ठेवायचो. लोखंड गार लागायचं, आणि थोड्या वेळानं त्या गारव्याखाली काहीतरी बारीक थरथरायला लागायचं… दुपार असायची, शेवरीच्या झाडाची सावली हळूहळू सरकत असायची, आणि मला वाटायचं की हे पाणी नाही, झोपलेल्या जनावराचा श्वास आहे. "लागलं का काय हाताला?" मामा विचारायचे. "लागलं," म्हटलं की खूश व्हायचे. कधी काहीच लागलेलं नसायचं, तरी मी "लागलं" म्हणायचो. तेही त्यांना कळायचं, असं आता वाटतं.

पहिल्या वर्षी कॉलेजात एक तास असा झाला की मी पळत जाऊन कळसची एसटी धरली. वाहतं पाणी एकदम अडवलं तर त्याचा वेग कुठं जातो, हे सरांनी समजावलं होतं. तो दाब होऊन मागं उसळतो आणि पाइपाला हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. मी मामांना वहीत आकृती काढून दाखवली. त्यांनी ती उलटी धरली, मग सुलटी धरली, आणि हसले.

"आरं इंजिनेर, ही तर मेंढरं हायती."

"मेंढरं?"

"तर काय. कळप पळत आला आन् वाड्याच्या तोंडाशी म्होरलं मेंढरू एकदम थांबलं, की मागली समदी त्याच्यावर आदळत्याती. कुडाची काठी न् काठी वाजती. आमी काय करायचो, तोंडाशी थोडी मोकळी जागा ठिवायचो. मागली तिथं पांगायची. पाण्यालाबी तशीच जागा लागती."

म्हणूनच ते नळाच्या मागे भिंतीत एक आखूड पाइप उभा ठेवायचे, वरून बंद केलेला. त्यात हवा राहते, आणि धडक देणारं पाणी त्या हवेवर टेकून शांत होतं. पुस्तकात ते चार पानांनंतर होतं.

तरीही मी त्यांच्या कामाला नाव ठेवलं. बारामतीत एका निवृत्त मुख्याध्यापिकांचं घर आहे. सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्या घराचं नळाचं सगळं काम मामांचं. वरचा मजला चढवायचा होता, आणि तेही काम मामांनाच द्यायचं असं ठरल्यासारखं होतं. दरम्यान बाईंच्या दिरांनी गच्चीवर प्रेशर पंप बसवून घेतला. नळ उघडला की आपोआप चालू होणारा आणि नळ मिटला की बंद पडणारा. तेव्हापासून घरात आवाज सुरू झाला. नळ बंद केला की भिंतीत धाड! मामांना बोलावणं आलं. त्यांनी मलाही सोबत घेतलं. "चल, शिक्षाण बघू दे तरी तुझं," म्हणाले.

बाथरूमच्या दाराशी बाई, त्यांचे दीर, मजल्याचं काम घेतलेला गवंडी आणि शेजारचे एक गृहस्थ असे सगळे उभे होते. मी नळ सोडला, बंद केला. धाड. पुन्हा तेच. मामा मागं भिंतीला हात लावून डोळे मिटून उभे होते. त्यांचं बघून होईपर्यंत मी थांबायला हवं होतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला उत्तर येत होतं. मी म्हणालो, "पाइप हलतोय. क्लॅम्प लांब लांब मारलेत. बसवतानाच चूक झालीय."

गवंडी मोठ्यानं हसला. "काय सोपानराव, घरातलाच इन्स्पेक्टर निघाला की तुमच्या! आता मामीचा सैपाकबी तपासून घ्या."

मामांनी डोळे उघडले. भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "असंल," ते शांतपणे म्हणाले. "शिकल्यालं हाय ते. म्हंतंय तर असंल." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझं प्रॅक्टिकल हाय न्हवं? जा तू. बघतो मी."

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून येताना मी मुद्दाम त्या गल्लीतून आलो. मामा घराच्या मागच्या भिंतीला शिडी लावून उन्हात उभे होते. जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या कापून, पाइपाभोवती गुंडाळून, वीत-वीत अंतरावर नवे क्लॅम्प मारत होते. आवाज थांबला. मी वर्गात त्यावर प्रेझेंटेशन दिलं, टाळ्याही मिळाल्या. वरच्या मजल्याचं काम मात्र बाईंच्या दिरांनी दुसऱ्या प्लंबरला दिलं. ज्याच्या भाच्यालाच काम पसंत नाही, त्याला पुन्हा कशाला बोलवायचं, असं ते म्हणाल्याचं कानावर आलं. आणि मामा कळसच्या पारावर बसून सांगत होते, "माझ्या भाच्यानं नळ नुसता आईकला आन् दोष काडला!"

या वर्षी पंपांचा विषय आला आणि बाईंच्या घरचा तो आवाज मी मनात पुन्हा ऐकला. त्या दिवशी नळ बंद झाल्याबरोबर आवाज आला नव्हता. मध्ये एक श्वास गेला होता, कदाचित दोन. पाइप ढिला असता तर धडक तिथंच, त्याच क्षणी बसली असती. पंप मात्र नळ मिटल्यावर क्षणभरानं थांबतो; एवढा उशीर म्हणजे तो थांबताना काहीतरी आपटत होतं… तो श्वास मामांच्या हाताला लागला नसेल? मी विचारायला म्हणून कळसला गेलो. ते बांधावर बसले होते. मी म्हणालो, "मामा, बाईंच्या घरचं ते…" ते म्हणाले, "आदी जेव." जेवलो. मग ते हरभऱ्याचं बोलत राहिले, ऊन कलत गेलं, आणि मला पुन्हा विषय काढायचा धीर झाला नाही. त्यानंतर महिन्याभरात आईचा फोन आला. सकाळी पाणी धरायला गेले होते, तिथंच पाटाकडेला बसले, आणि उठले नाहीत.

मागच्या रविवारी बाईंनी मला घरी बोलावून घेतलं. चहा समोर ठेवला. मग म्हणाल्या, "एक शब्द दिला होता, तो मोडते. तुझी पदवी होईपर्यंत बोलायचं नाही असं ठरलं होतं. पण ज्यांना शब्द दिला तेच राहिले नाहीत."

त्या दिवशी मी स्टँडवर पोचलोही नसेन, तेवढ्यात मामा गच्चीवर गेले होते. पंपाजवळ पाणी मागं फिरू नये म्हणून जो वॉल्व्ह असतो, त्याची आतली झडपेसारखी पात सैल होती. पंप थांबला की मागं आलेल्या पाण्यानं ती आपटायची, आणि तो दणका पाइपातून भिंतीत उतरायचा. मामांनी त्याच दुपारी तिथं स्प्रिंगचा वॉल्व्ह बसवला आणि आवाज बंद झाला. पाइप आधीपासून घट्टच होते.

"मग ते क्लॅम्प?" मी विचारलं.

"मीही तेच विचारलं. म्हणाले, उद्या त्यो बघाया येनार. नवं क्लॅम्प दिसलं पायजेत त्याला." बाई हसल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "मी म्हटलं, सोपानराव, अहो मजल्याचं काम जाईल तुमचं. भावजींना खरं काय ते सांगू द्या मला. तर हात जोडले त्यांनी. म्हणाले, बाई, आमच्या घरात आजवर चार लोकांत कुणी तोंड उघडलं न्हवतं. पयल्यांदा ह्या पोरानं उघडलं. चुकलं म्हनून काय मीच मिटवू व्हय?"